रोमानियात फोनवरून भाषांतर करून बोलायचंय? आधी ‘पावणेचार’ म्हणणं सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरमध्ये दहा दिवस रोमानिया, बुखारेस्टहून ब्राशोव, सिबिऊ आणि वर मारामुरेश. सोबत सत्तरीतले आईवडील, दोघं शाकाहारी, दोघांनाही मराठीच बोलता येतं. निम्मे मुक्काम खेड्यातल्या घरगुती पाहुणघरांत. कोणतं ॲप चांगलं, वेगळं भाषांतराचं यंत्र विकत घ्यावं का, आणि आई मराठीत बोलली तर समोरच्या बाईंना रोमानियन ऐकू जाईल का?

जाईल. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आणि रोमानियन दोन्ही आहेत, आणि दोन्हींत बोललेलं ऐकून घेण्याची आणि मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे. वेगळं यंत्र घेऊ नका. त्यालाही इंटरनेट लागतं, ते चार्ज करावं लागतं, आणि त्यात मराठी असेलच असं नाही. तुमच्या फोनपेक्षा ते फारसं काही जास्त करत नाही. पण खरी अडचण ॲप निवडण्याची नाहीच. ॲपने आपलं वाक्य नीट पोचवलं की भलतंच काही सांगितलं हे आपल्याला कळत नाही, आणि समोरचा माणूस सभ्यपणे मान डोलावतो. त्यामुळे पुढचं सगळं उत्तर ‘चूक कशी पकडायची’ याबद्दल आहे.

फोन जे करतो त्याचे तीन टप्पे आहेत. आधी तो तुमचा आवाज ऐकून मराठी मजकूर लिहितो, मग त्या मजकुराचं भाषांतर करतो, मग भाषांतर वाचून दाखवतो. गोंधळ बहुतेक वेळा पहिल्याच टप्प्यावर होतो. ‘ब्लँकेट’च्या जागी काहीतरी भलतं लिहिलं गेलं, तर पुढचे दोन टप्पे त्या भलत्या शब्दाचं इमानेइतबारे भाषांतर करतात. म्हणून बोलून झालं की रोमानियन ऐकवण्याआधी पडद्यावर आपलंच मराठी वाक्य वाचा. चुकलं असेल तर बोटाने दुरुस्त करा किंवा पुन्हा बोला. महत्त्वाचं वाक्य असेल तर आणखी एक पायरी: आलेलं रोमानियन वाक्य कॉपी करून उलट मराठीत किंवा इंग्रजीत आणा. अर्थ परत तोच आला तर बोला, नाहीतर वाक्य मोडून सोपं करा. याला दहा सेकंद लागतात. चहा मागवताना याची गरज नाही, औषध मागताना आहे.

मराठीत बोलावं की इंग्रजीत, हे माणसावर अवलंबून आहे. तुम्हाला साधं, छोटं इंग्रजी वाक्य करता येत असेल तर तुम्ही इंग्रजी–रोमानियन जोडी वापरा. ती जास्त भरवशाची असते. आईवडिलांनी मराठीच ठेवावी, कारण तुटक इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी केव्हाही बरी. फक्त ‘बुकिंग कन्फर्म झालंय का बघून घ्या ना जरा’ असली शहरी खिचडी नको. ‘आमची खोली राखून ठेवली आहे का?’ असं म्हणा. आणि सुरुवात करण्यापूर्वी ‘व्होर्बित्स एंग्लेझ?’ (इंग्रजी बोलता का?) एवढं विचारा. बुखारेस्ट, ब्राशोव, सिबिऊमध्ये तिशीच्या आतल्या माणसाशी फोन काढायची वेळ बहुधा येणारच नाही. गावातल्या आजींना येईल.

निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर मराठी, इंग्रजी आणि रोमानियन या तिन्ही भाषा डाउनलोड करा. मग फोन विमान मोडवर टाकून तपासा. टाइप केलेलं वाक्य भाषांतरित होईल. बोललेलं होईलच असं नाही, कारण आवाज ओळखण्याचं काम बऱ्याच फोनवर इंटरनेटवरच होतं. तुमच्या फोनवर नेमकं काय चालतं ते पुण्यात कळलं तर बरं, मारामुरेशच्या दरीत नको. दोन फोनांत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची डेटा सोय ठेवा, म्हणजे डोंगरात एकाची रेंज गेली तरी दुसरा आहे. संभाषणाच्या मोडमध्ये पडदा, माइक आणि स्पीकर तिन्ही चालू राहतात, बॅटरी झपाट्याने उतरते. दहा हजार एमएएचची पॉवर बँक पुरते. ती विमानात हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या नाही.

संभाषणाच्या पडद्यावर बहुधा दोन भाषांचे दोन माइक असतात आणि सोबत एक ‘आपोआप’ वाला (मांडणी ॲपच्या आवृत्तीप्रमाणे बदलते). तो आपोआप वाला वापरू नका. हॉटेलात मागे टीव्ही चालू असतो, वडील मध्येच काहीतरी बोलतात, आणि ॲप ते रोमानियन समजून ऐकायला लागतं. आपल्या पाळीला आपला माइक दाबा, त्यांच्या पाळीला त्यांचा. बटण दाबल्यावर सेकंदभर थांबून मगच बोलायला लागा, नाहीतर पहिला शब्द गिळला जातो, आणि पहिला शब्द ‘नको’ असेल तर पुढचं तुम्हीच समजून घ्या. फोन तोंडापासून वीतभर. वाक्य आठ-दहा शब्दांचं, एका वाक्यात एकच मागणी. ‘आम्हाला गरम पाणी हवंय आणि उद्या लवकर निघायचंय तर नाश्ता आधी मिळेल का’ ही तीन वाक्यं आहेत, तीन वेळा बोला. शिवाय ‘लवकर’ म्हणजे काय ते ॲपला माहीत नाही, पाहुणघराच्या मालकिणीलाही नाही. ‘सकाळी ७ वाजता’ म्हणा.

सगळ्यात आधी समोरच्याला काय चाललंय ते कळू द्या. अनोळखी माणसाच्या तोंडासमोर एकदम फोन धरला की तो मागे सरकतो. ‘मी भाषांतराचं ॲप वापरतो आहे. कृपया हळू आणि छोटी वाक्यं बोला.’ हे वाक्य आधीच रोमानियनमध्ये करून, तारांकित करून, मोठ्या अक्षरांत दाखवता येईल असं ठेवा. ‘हळू’साठी रोमानियनमध्ये ‘माय रार’ म्हणतात, ज्याचा शब्दशः अर्थ ‘अधिक विरळ’. उलट भाषांतरात ‘क्वचित बोला’ असं काही दिसलं तर घाबरू नका, ते बरोबर आहे.

आता आदराचं. रोमानियनमध्ये मराठीसारखेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत. इंग्रजीतून गेलात की हा फरक पुसला जातो आणि ॲप कधीकधी सत्तर वर्षांच्या आजींना सरळ ‘तू’ म्हणतं. पकडायला सोपं आहे: ‘तुम्ही करू शकता का’ला ‘पुतेत्स’ ऐकू येतं, ‘तू करू शकतोस का’ला नुसतं ‘पोत्स’. ‘व रोग’ म्हणजे ‘तुम्हाला विनंती’, ‘ते रोग’ म्हणजे ‘तुला विनंती’. (हो, ‘कृपया’साठी तिथे ‘रोग’ म्हणतात. आईला आधीच सांगून ठेवा.) ‘पोत्स’ ऐकू आलं तर इंग्रजी वाक्याच्या सुरुवातीला ‘मॅडम’ किंवा ‘सर’ जोडून पुन्हा करा, बहुतेक वेळा सुधारतं. उलट बाजूने, वयस्कर माणसं आईला ‘सरुत मिना’ म्हणतील आणि फोन सांगेल ‘मी हात चुंबतो’. तो जुन्या वळणाचा नमस्कार आहे, त्यात काही गैर नाही.

चार-पाच शब्द तोंडपाठ करणं ॲपइतकंच उपयोगी आहे, आणि मराठी माणसाला ते जड जाऊ नयेत. रोमानियनमधल्या शेपटीवाल्या ‘टी’चा (ț) उच्चार आपल्या ‘चमचा’, ‘चाक’मधल्या दंत्य ‘च’सारखा आहे, आणि डोक्यावर वाटी असलेल्या ‘ए’चा (ă) आपल्या ‘अ’सारखा. ‘बुन झीवा’ नमस्कार, ‘मुल्त्सुमेस्क’ आभार, ‘दा’ हो, ‘नु’ नाही. आपण मान जी तिरकी हलवतो ती तिथे कुणाला कळत नाही, म्हणून मान हलवतानाही तोंडाने ‘दा’ म्हणा.

आकड्यांशी आणि वेळेशी आवाजी भाषांतराचं जमतच नाही, असं धरून चाला. आपल्या बाजूने दोष असा की आपण ‘पावणेचार’, ‘साडेतीन’, ‘अडीचशे’ म्हणतो. ॲप कधी ओळखतं, कधी ‘पावणे’ म्हणजे पाहुणे समजतं. ‘तीन वाजून पंचेचाळीस मिनिटं’ म्हणा. ‘परवा’ तर पूर्ण वर्ज्य करा, कारण मराठीत तो गेलेलाही असतो आणि येणाराही, तर रोमानियनमध्ये त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. तारीख सांगा. त्यांच्या बाजूनेही तोच घोळ आहे: ‘पात्रु फर उन स्फेर्त’ म्हणजे ‘पाव कमी चार’, आपलं पावणेचारच. फोन सांगतो ‘चार, पावाशिवाय’. सहा ‘शासे’, सात ‘शाप्ते’, गोंगाटात एकसारखेच वाटतात. सोळाला पुस्तकी शब्द ‘शाइस्प्रेझेचे’ असला तरी लोक ‘शाइश्पे’ म्हणतात. म्हणून किंमत, वेळ, फलाटाचा नंबर, खोलीचा नंबर, हे सगळं फोनच्या कॅल्क्युलेटरवर टाइप करून दाखवा आणि त्यांनाही तिथेच टाइप करायला सांगा. छापील किमतीत टिंब हजाराचं असतं आणि स्वल्पविराम दशांशाचा: १.५०० म्हणजे दीड हजार ले, १२,५० म्हणजे बारा ले पन्नास बानि. चलनाचं नाव ‘लेउ’ (अनेकवचन ‘ले’) म्हणजे सिंह, त्यामुळे कॅमेऱ्यात कधी ‘पाच सिंह’ दिसले तर ती किंमतच आहे. ‘नु आम रेस्त’ याचा अर्थ ‘सुटे नाहीत’. त्याचा विश्रांतीशी संबंध नाही.

रेल्वे स्टेशनवर माइक बाहेर काढूच नका. घुमणाऱ्या घोषणेतून कुठलंही ॲप काही काढू शकत नाही. फलकावर ‘प्लेकर’ म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, ‘सोसिर’ म्हणजे येणाऱ्या, आणि ‘लिनिया’ या रकान्यातला आकडा म्हणजे तुमचा फलाट. कॅमेऱ्याने फलक वाचा. वेळा चोवीस तासांच्या घड्याळाने असतात.

टाइप करणार असाल तर रोमानियन अक्षरांच्या खालच्या-वरच्या खुणा गाळू नका. ‘एस’खाली शेपटी असेल तर ‘पेश्ते’ म्हणजे मासा, नसेल तर ‘पेस्ते’ म्हणजे ‘वर, पलीकडे’. ‘पातुरि’ म्हणजे खाटा, ‘पतुरि’ म्हणजे ब्लँकेटं. रात्री थंडी वाजते म्हणून मालकिणीला दोन पतुरि मागायच्या आणि तिने दोन खाटा ओढत आणायच्या, हा घोळ एका वाटीच्या खुणेचा. फोनमध्ये रोमानियन कीबोर्ड चालू करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

जेवणावर जरा जास्त बोलतो, कारण शाकाहारी मराठी कुटुंबाची निम्मी संभाषणं त्याचीच असतील. ‘शाकाहारी’ हा शब्द ॲप बरोबर पोचवतं. घोटाळा त्यानंतर आहे. तुम्ही ‘मांस नको’ म्हटलंत तर भाज्यांचं सूप येईल, पण ते हाडांच्या पाण्यात उकळलेलं असू शकतं. घेवड्याच्या ‘याह्निए’त (घट्ट रश्शात) बऱ्याचदा धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा चवीपुरता असतो आणि वाढणाऱ्याला ते ‘मांस’ वाटत नाही. तळण चरबीतही होतं. त्यामुळे मागणी फोडून लिहा: मांस नाही, मासे नाहीत, मांसाचं पाणी नाही, डुकराची चरबी नाही. आईवडील अंडं खात नसतील तर तेही. ‘नाही’साठी तोच ‘फर’ शब्द आहे, जो घड्याळात ऐकलात: ‘फर कार्ने’, ‘फर पेश्ते’, ‘फर ओउअ’.

पण यापेक्षा छोटा रस्ता आहे, आणि तो मराठी माणसाला पटकन समजेल. रोमानियन ऑर्थोडॉक्स लोक उपवास करतात, त्याला ‘पोस्त’ म्हणतात. उपवासाच्या जेवणात मांस, अंडी, दूध, लोणी काहीच नसतं. बुधवार-शुक्रवार आणि ईस्टर, नाताळच्या आधीचे लांब उपवास धरून वर्षातले कितीतरी दिवस असं जेवण बनतं, म्हणून गावातल्या आजींना ‘मिन्कारे दे पोस्त’ एवढे शब्द पुरतात. शाकाहार म्हणजे काय हे ॲपमधून समजावण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. दोन इशारे मात्र द्यायला हवेत. काही उपवासाच्या दिवशी मासा चालतो, म्हणून सोबत ‘फर पेश्ते’ जोडा. आणि हा उपवास आपला नव्हे: साबुदाणा-वऱ्याची अपेक्षा नको. कांदा, लसूण, पाव, घेवडा सगळं त्यात येतं. वडील एकादशी करत असतील आणि ॲपमध्ये ‘मला उपवासाचं हवं’ म्हणतील, तर ताटात कांदा घालून घोटलेला घेवडा येईल, आणि तो अगदी बरोबर आलेला असेल.

मागवण्यासारखे पदार्थ: ‘फासोले बतुत’ (तोच घोटलेला घेवडा), ‘झाकुस्क’ (भाजलेली वांगी आणि लाल ढोबळी मिरच्यांचं पावावर लावायचं मिश्रण), ‘सार्माले दे पोस्त’ (कोबीच्या पानात भात आणि मशरूम), आणि दूध चालत असेल तर ‘ममलिग कु ब्रिंझ’, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा आणि चीज. वांग्याच्या ‘सालात दे विनेते’त मेयोनेज असतं का ते विचारा, त्यात अंडं येतं. कॅमेऱ्याने मेन्यू वाचताना ‘लहान’ असा पदार्थ दिसला तर तो ‘मिच’, म्हणजे भाजलेले खिम्याचे तुकडे. ‘पोटाचं सूप’ दिसलं तर तेही खरंच जनावराच्या पोटाचं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ‘अलुने’ या शब्दावर विसंबू नका. तो हेझलनटचा शब्द आहे, पण लोक शेंगदाण्यालाही वापरतात. ‘आराहिदे’ म्हणा.

आणि चहा. ‘च्याइ’ म्हटलं की कुणालाही कळतं, ॲपची गरजच नाही. पण नुसतं ‘च्याइ’ म्हणालात तर बहुधा फळांचा किंवा वनस्पतींचा काढा मिळेल. ‘च्याइ नेग्रु कु लाप्ते’, काळा चहा, दुधासह, असं सांगा. दूध थंड आणि वेगळं येईल, त्याला इलाज नाही.

औषधांच्या बाबतीत आवाजावर अजिबात जाऊ नका. घरून निघताना आईवडिलांच्या प्रत्येक गोळीचं मूळ औषधी नाव (मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन असं), मात्रा आणि वेळ रोमन लिपीत छापून दोघांच्या पाकिटात ठेवा. भारतीय ब्रँडचं नाव तिथल्या औषधवाल्याला कळत नाही, आणि माइकला तर त्याहून कळत नाही. ‘मला शुगर आहे’ असं ॲपला सांगितलं तर तुमच्याकडे साखर आहे असं पोचू शकतं. ‘मला मधुमेह आहे’ म्हणा. ‘कणकण’, ‘अंग मोडून येतंय’, ‘पोटात गोळा आला’ याऐवजी ताप किती अंश, दुखतं कुठे, केव्हापासून, एवढंच. औषधवाल्याने ‘रेत्सेत’ मागितली आणि फोनने ‘पाककृती’ म्हटलं, तर तो डॉक्टरांची चिठ्ठी मागतोय. दोन्हीला तोच शब्द आहे. तातडीच्या वेळी ११२ लावा आणि थेट इंग्रजीत बोला. फोनवरच्या कॉलमध्ये भाषांतराचं ॲप मध्ये घालायच्या भानगडीत पडू नका. पोलिसांत जबाब द्यायची किंवा काही सही करायची वेळ आली तर ॲपच्या भरवशावर सही करू नका, अधिकृत दुभाषा मागा.

प्रदेशाप्रमाणे थोडा फरक पडतो. मारामुरेशच्या म्हाताऱ्या माणसांची बोली माइकला जड जाते. तिथे नातवाला हाक मारायला सांगणं हाच उत्तम भाषांतर-उपाय. ब्राशोवहून उत्तरेकडे जाताना हार्गिता आणि कोवास्ना हे दोन जिल्हे लागतात, तिथे बहुसंख्य लोक हंगेरियन बोलतात. त्यांना रोमानियन येतं, पण समोरचा उत्तर देताना अडखळत असेल तर ॲपमध्ये हंगेरियन भाषा निवडून बघा. तीही आधीच डाउनलोड केलेली बरी. तिथल्या पाट्या दोन भाषांत असतात, कॅमेरा गोंधळला तर वरची आणि खालची ओळ वेगवेगळी धरा. पुढेमागे मोल्दोव्हाला गेलात तर तीच रोमानियन चालते (२०२३ पासून तिथल्या कायद्यातही तिला रोमानियनच म्हणतात), फक्त शहरांत बोलण्यात रशियन शब्द बरेच मिसळतात आणि मोल्दोव्हा युरोपीय संघात नसल्याने तुमचा डेटा पॅक तिथे चालतो का ते आधी बघावं लागेल.

शेवटी आईवडिलांच्या फोनचं. त्यांना संभाषणाचा मोड शिकवत बसू नका, ऐन वेळी तो सापडत नाही. आठ-दहा वाक्यं तारांकित करून द्या: पाणी, स्वच्छतागृह कुठे, जेवणाची मागणी वरीलप्रमाणे, ‘माझा मुलगा येतोय, थांबा’, ‘मला बरं वाटत नाही’. शिवाय पाहुणघराचं नाव, पत्ता आणि तुमचा तिथला नंबर रोमन लिपीत लिहिलेलं एक कार्ड खिशात. चुकामूक झाली तर टॅक्सीवाल्याला तेच दाखवायचं, त्याला बॅटरी लागत नाही.